बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा

नमस्कार मंडळी. इथे आंब्याचे पिकअपवाले आहेत, रिक्षावाले आहेत, गॅरेजमधली पोरं आहेत, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो. सकाळी गाडी सेल्फ घेत नाही म्हटलं की आपण पहिली बॅटरी बदलतो, हजारो रुपये जातात, चार दिवसांनी परत तेच, मग म्हणायचं बॅटरी डुप्लिकेट निघाली. अहो, ती भरलीच जात नव्हती! माझं म्हणणं एवढंच की पैसे घालवायच्या आधी मीटर लावा, व्होल्ट मोजायचा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, आणि समुद्राकाठची गाडी असेल तर अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून इंजिन-चासीला जाणाऱ्या जोडणीवर, आधी संशय घ्या.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी भरलेली असेल तर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे जवळपास अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. गाडी बंद केल्या केल्या मोजू नका, आकडा जास्त दिसतो. सेल्फ मारताना कुणाला तरी मीटर धरायला सांगा, भरलेली बॅटरी असून 9.6 च्या खाली गेली तर मात्र बॅटरीच थकलेली आहे, अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राला, दोष नको.

आता इंजिन चालू. बॅटरीवर 13.8 ते 14.5 यायला हवेत, मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावा आणि थोडी रेस द्या, तरी आकडा तेराच्या वर टिकला पाहिजे. 15 च्या वर गेला तर कटआउट, म्हणजे रेग्युलेटर गेलाय, तो बॅटरी उकळवतो आणि बल्ब उडवतो. नव्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे कधी 12.8 दिसले म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवू नका, आधी हेडलाइट लावून बघा आकडा चढतो का.

चार्जिंग कमी आलं की लगेच डायनॅमो, म्हणजे अल्टरनेटरच, खोलायचा नाही, आधी तो फिरवणारा पट्टा बघा, पावसात पहिल्या सेल्फला किंचाळतो तो सैल तरी असतो नाहीतर गुळगुळीत झालेला. पट्टा ठीक असेल तर मग अर्थ. इंजिन चालू, लाइट लावलेले, मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर, वायरीच्या क्लॅम्पवर नाही हं, खुंटावरच, आणि लाल पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर. 0.2 पेक्षा जास्त दाखवलं तर मधे कुठेतरी अर्थ अडतोय. तसंच प्लसला, अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लस खुंटापर्यंत, तिथे 0.3 च्या वर नको. देवगड, मालवण, वेंगुर्ला, कुठल्याही बंदराकडची गाडी घ्या, इंजिनवरून चासीला जाणारी अर्थची पट्टी वरून चांगली दिसते पण खारी हवा आणि तांबडा चिखल बोल्टच्या खाली शिरलेला असतो, वायर सोलली की आत तांबं हिरवं किंवा काळं पडलेलं. जुन्या गाड्यांत तर अर्थ इतका खराब होतो की सेल्फचा करंट क्लचच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल गरम होते! उपाय फार स्वस्त आहे, बॅटरीचा मायनस काढा, पट्टी सोडवा, बसायची जागा चकाकेपर्यंत घासा, आवळा आणि वरून ग्रीस लावा, पावसाळ्याआधी दरवर्षी.

हे सगळं ठीक आणि तरी चार्जिंग नाही, तर मग आतला माल, म्हणजे झिजलेले कार्बन (ब्रश), कटआउट नाहीतर एसीचा डीसी करणारी डायोड प्लेट. 2021 च्या जुलैत चिपळूणला पूर आला तशा पाण्यात गाडी बुडाली असेल, तर अल्टरनेटर धुऊन चालू झाला तरी खोलून घ्याच, गाळ राहिला की कार्बन अडकतात. डायोडसाठी मीटर एसी व्होल्टवर करा, चालू इंजिनवर बॅटरीला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसलं तर डायोड गेलाय. असा डायोड रात्री उभ्या गाडीतही बॅटरी पितो, म्हणून सकाळी उतरलेली सापडते आणि आपण गाडीत टेप बसवणाऱ्याला शिव्या घालत बसतो.

आणि हात जोडून सांगतो, चालू गाडीत बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर चेक करायची जुनी पद्धत सोडा. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो, तो अल्टरनेटरच्या कितीतरी पट महाग आहे.

मागून प्रश्न आला की रात्री घाटात डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला तर काय करायचं. आधी सुरक्षित जागी थांबा आणि पट्टा आहे का बघा. असेल तर एसी, ब्लोअर, टेप बंद, इंजिन बंद करू नका, 35 एएचची (अँपिअर-तास क्षमतेची) चांगली बॅटरी हेडलाइटसकट साधारण तासभर नेईल असं धरा आणि जवळचं गॅरेज गाठा. पट्टा तुटला असेल तर मात्र पुढे जायचं नाही. बऱ्याच गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असतो, इंजिन तापून जाम होईल, आणि काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला बसवलेला असतो, तो थांबला की पेडल दगडासारखं होतं, आंबा घाट काय, कशेडी काय, उतारावर पाय कितीही दाबा, गाडी नेहमीसारखी थांबत नाही.