काटा उतरला, हाडांचं काय?

नमस्कार मंडळी. वजन कमी करायची सर्जरी झाली की घरातले सगळे काट्याकडे डोळे लावून बसतात, आज किती उतरलं, या आठवड्यात किती. मला आज बोलायचंय ते त्या काट्यावर दिसतच नाही अशा गोष्टीबद्दल, हाडांबद्दल.

आधी भुकेचं सांगते. स्लीव्ह सर्जरीत जठराचा जवळपास 80 टक्के भाग काढतात, आणि भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्याच भागात तयार होतं, त्यामुळे बऱ्याच जणांना ताट समोर आलं तरी खावंसं वाटत नाही. वजनाच्या सर्जरीचाच दुसरा प्रकार म्हणजे पोटाचा बायपास, त्यात अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पटकन खाली पोचतं, तिथून जीएलपी-1 आणि पीवायवाय ही पोट भरल्याची जाणीव देणारी हार्मोन्स भरपूर सुटतात, मेंदूला पोट भरल्याचं कळतं, इन्सुलिनही नीट सुटायला लागतं, म्हणून डायबेटिस असलेल्या कितीतरी जणांची शुगर वजन फारसं उतरायच्या आधीच, काही दिवसांतच खाली येते. खरंच कमाल आहे ही.

पण जो भाग टाळला ना, कॅल्शियम चांगलं शोषलं जातं ते तिथेच. मग शरीर काय करतं, तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी आपलं हार्मोन वाढवतात आणि हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणतात. रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल, पेशंट खूश, आणि हाड मात्र आतून विरळ होत चाललेलं. वर वजन घटल्याने हाडांवरचा भारही कमी होतो, तो भार हाडांना मजबूत ठेवत असतो. आणि वजन स्थिर झालं तरी ही झीज थांबेलच असं नाही, बायपासनंतर तर काही वर्षांनी फ्रॅक्चरचा धोका वाढतो.

म्हणून सर्जरीनंतर सहा महिन्यांनी कुणी कॅल्शियम-व्हिटॅमिनच्या गोळ्यांची डबी उघडून दाखवते आणि सोमवारपासून शनिवारपर्यंतचे कप्पे तसेच भरलेले असतात तेव्हा जीव कळवळतो हो. बरं वाटतंय म्हणून बंद केल्या म्हणते. नका करू असं. दिवसाला साधारण 1200 ते 1500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, तेही एकदम नाही, 500-600 करत विभागून, कॅल्शियम सायट्रेट या प्रकारातलं असेल तर उत्तम कारण त्याला जठरातल्या ॲसिडची गरज पडत नाही, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. व्हिटॅमिन डी, पुरेसं प्रोटीन आणि थोडं वजन उचलायचा व्यायाम, हे सगळं डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि डेक्सा स्कॅनचं, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजणाऱ्या तपासणीचं, स्वतःहून विचारा, सुई नाही, दुखणं नाही, टेबलावर थोडा वेळ शांत पडून राहायचं, बस.