ब्लूबर्डच्या पेटीला पालक हवा

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

आदरणीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, ज्येष्ठ मंडळी आणि मित्रहो, सप्रेम नमस्कार.

आपल्या स्वयंसेवकांनी या हिवाळ्यात ब्लूबर्ड या छोट्या निळ्या पक्ष्याला घरटे करण्यासाठी लाकडी पेट्या तयार करण्याचे काम हाती घेतले आहे. इथे अमेरिकेत, मेरीलँड राज्यात हिवाळा सरू लागताच ब्लूबर्डचा नर घरट्यासाठी जागा शोधू लागतो, म्हणून फेब्रुवारी संपण्यापूर्वी त्या उभ्या राहायला हव्यात. आपल्या मंडळींचा, विशेषतः मुलांचा उत्साह पाहून मला फार आनंद होतो. त्या उत्साहाला धरूनच माझा एक आग्रह आहे. जी पेटी दर आठवड्याला उघडून पाहायला कोणी पालक बांधील नसेल, ती आपण लावू नये.

या आग्रहामागे या पक्ष्याचा इतिहास आहे. ब्लूबर्ड झाडाच्या ढोलीत घरटे करतो, परंतु ढोली कोरण्याइतकी त्याची चोच बळकट नाही. सुतार पक्ष्याने कोरून सोडलेली किंवा लाकूड कुजून आपोआप झालेली ढोलीच त्याच्या उपयोगी पडते. माणसाने वठलेली झाडे तोडली, शेतांच्या कुंपणाचे जुने लाकडी खांब काढून लोखंडी खांब रोवले, आणि ढोल्या कमी झाल्या. त्यातच १८५१च्या सुमारास न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे युरोपातून आणलेल्या चिमण्या सोडण्यात आल्या आणि १८९० मध्ये न्यूयॉर्कच्याच सेंट्रल पार्कमध्ये साळुंकीच्या कुळातील स्टारलिंग सोडण्यात आले. हे दोन्ही पक्षी ढोल्या बळकावतात. उरलेल्या थोड्या जागांसाठी त्यांच्याशी झगडताना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्लूबर्ड अनेक भागांतून दिसेनासा झाला.

तो परत आला तो सामान्य माणसांच्या हातून. इलिनॉयमधील क्विन्सी येथे थॉमस मसलमन यांनी १९३४ मध्ये ग्रामीण रस्त्यांच्या कडेने पेट्यांची रांग लावली. आपल्या मेरीलँडमध्ये कृषी खात्यातून निवृत्त झालेले जीवरसायनशास्त्रज्ञ लॉरेन्स झेलेनी यांनी बेल्ट्सव्हिलच्या सरकारी शेतजमिनीवर अशीच रांग अनेक वर्षे सांभाळली आणि १९७८ मध्ये नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटीची स्थापना केली. पेट्या बनवणारे तेव्हाही बरेच होते. झेलेनी यांचे मोठेपण मला त्यांच्या नियमित फेऱ्यांत दिसते. १९६६ पासून चालू असलेल्या पक्षीगणनेत पूर्वेकडील ब्लूबर्डची संख्या वाढत गेलेली दिसते, आणि तिच्यामागे अशा हजारो लोकांच्या फेऱ्या आहेत.

आता चिमणीविषयी बोलणे भाग आहे, आणि ते मला जड जाते. आपण सगळे चिऊताईच्या गोष्टी ऐकत जेवलो आहोत. आपल्या गावी चिमण्या कमी झाल्या म्हणून हळहळ वाटते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी तिच्यासाठी मोठे काम उभे केले, आणि २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. तीच चिमणी या भूमीवर मात्र माणसाने आणून सोडलेली आहे. ती ब्लूबर्डची अंडी फोडते, पिल्ले मारते, आणि पेटीत अडकलेल्या मादीला टोचून मारून तिच्यावरच आपले घरटे रचते. दीड इंचाच्या भोकातून स्टारलिंग आत शिरू शकत नाही, पण ब्लूबर्ड जिथून जातो तिथून चिमणीही सहज जाते, त्यामुळे केवळ पेटीच्या रचनेने तिला रोखता येत नाही. कोणी लक्ष न दिलेली पेटी वर्षभरात चिमण्यांची होते, तिथून त्यांची पिल्ले उडतात आणि शेजारच्या ब्लूबर्डवर चालून जातात. म्हणून म्हणतो, दुर्लक्षित पेटी निरुपयोगी तर असतेच, शिवाय अपायकारकही असते.

याच कारणासाठी आपल्यापैकी अनेकांना नाराज करणारी एक गोष्ट सांगतो. आपण बहुतेक जण जिथे राहतो, त्या दाट वस्तीतील रांगेच्या घरांच्या मागे या पेट्या लावू नयेत. जिथे पक्ष्यांसाठी बाजरीजातीचे दाणे आणि मक्याचा चुरा टांगलेला असतो, तिथे चिमण्यांचे थवे असतातच. ब्लूबर्ड तारेवर किंवा फांदीवर बसून खालच्या गवतातील किडे टिपतो, म्हणून त्याला आखूड गवताची मोकळी जमीन आणि अधूनमधून एखादे झाड लागते. उद्यान, शाळेचे मैदान, दफनभूमी, गोल्फचे मैदान अशा जागा योग्य आहेत, अर्थात व्यवस्थापनाची परवानगी घेऊन. झुडपांच्या कडेला पेटी लावली तर छोटा हाऊस रेन ती काटक्यांनी भरून टाकतो. तो इथला मूळचा पक्षी आहे आणि १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्यामुळे त्याच्या अंड्यांना हात लावता येत नाही. चिमणीला हे संरक्षण नाही. तिने पेटीत आणलेले गवत आणि पिसे काढून टाकणे कायदेशीर आहे आणि आवश्यकही आहे, मात्र घरटे कोणाचे आहे याची खात्री पटल्याशिवाय काहीही काढू नये.

बांधणीविषयी थोडक्यात. सीडरच्या लाकडाच्या पाऊण इंची फळ्या, रसायन न लावलेल्या. तळ ४ इंच गुणिले ४ इंच. वरच्या बाजूला हवेसाठी फटी आणि तळाला पाणी निथळण्यासाठी भोके. भोकाखाली बसण्यासाठी दांडी लावू नये, कारण ब्लूबर्डला तिची गरज नसते आणि चिमणीला तिचा फायदा होतो. एक बाजू उघडता आलीच पाहिजे. पेटी झाडावर ठोकू नये. ती सुमारे ५ फुटांवर गुळगुळीत लोखंडी नळीवर बसवावी आणि खाली पत्र्याचे रुंद नळकांडे अडकवावे, म्हणजे रॅकून, मांजर आणि साप वर चढू शकत नाहीत. दोन पेट्यांत साधारण १०० यार्डांचे अंतर असावे.

पालकाचे काम खरे सुरू होते ते पहिल्या अंड्यापासून. मादी रोज एक याप्रमाणे चार-पाच निळसर अंडी घालते आणि बहुधा शेवटचे अंडे घातल्यावरच उबवायला बसते, त्यामुळे पिल्ले साधारण एकाच वेळी बाहेर येतात. उबवण्याचे दोन आठवडे, पिल्ले वाढण्याचे अडीच आठवडे. पहिल्या अंड्याची तारीख वहीत असली की पुढचे सगळे अंदाज मांडता येतात. हे यासाठी महत्त्वाचे की पिल्ले साधारण १२-१३ दिवसांची झाल्यावर पेटी उघडू नये. घाबरून ती उडता येण्याआधीच बाहेर झेपावतात. त्याआधी मात्र पेटीवर हलकेच टिचकी मारून, दार उघडून, क्षणभर पाहायला हरकत नाही. माणसाचा हात लागला की आई पिल्लांना टाकते, असे आपण लहानपणी ऐकलेले असते. ब्लूबर्ड तसे करत नाही. पिल्ले उडून गेली की जुने घरटे काढून पेटी झाडून ठेवावी, कारण तीच जोडी त्याच उन्हाळ्यात दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदाही अंडी घालते. आपल्या नोंदी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेच्या ‘नेस्टवॉच’ उपक्रमाला पाठवता येतात आणि अभ्यासकांच्या कामी येतात.

इथे आपल्या समाजाची एक खास अडचण आहे. हा विणीचा हंगाम मार्च ते ऑगस्ट असतो, आणि शाळेला सुटी लागली की आपल्यातली कितीतरी कुटुंबे जून-जुलैत भारतात जातात. नेमकी त्याच वेळी दुसऱ्या खेपेची पिल्ले पेटीत असतात. म्हणून प्रत्येक पेटीमागे दोन कुटुंबे हवीत आणि दोघांनी सुटीच्या तारखा आधीच जुळवून घ्याव्यात. उन्हाळ्यात इथे मुक्कामाला येणाऱ्या आई-वडिलांनाही यात जरूर घ्यावे. दिवसभर घरात बसून कंटाळणाऱ्या कितीतरी आजोबांना सकाळची फेरी, हातात वही आणि नातवंडांना सांगायला रोजची बातमी मिळेल, आणि नियमितपणा त्यांच्याइतका आपल्यापैकी कोणाकडेही नाही.

तिळगुळाच्या टेबलाजवळ एक वही ठेवली आहे. प्रत्येक पानावर एका पेटीची जागा आणि दोन नावांसाठी ओळी आहेत. ज्या पानावर दोन्ही नावे येतील तेवढ्याच पेट्या आपण या वर्षी रोवू. उरलेल्या पुढच्या हिवाळ्यापर्यंत सभागृहाच्या कोठीत सुरक्षित राहतील.