तक्रारीचा रस्ता

पडद्यावर दिसते आहे ते इंदूरचे संत फ्रान्सिस कॅथीड्रल. शहरात त्याला लाल चर्च म्हणतात, आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही तेच नाव चालते. इंदूरचा कॅथॉलिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, 1952 मध्ये स्थापन झाला. इथे कॅथॉलिकांची संख्या थोडी असली, तरी मिशनच्या शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने यांच्यामुळे या धर्मप्रांताचा संबंध त्याहून कितीतरी अधिक कुटुंबांशी येतो. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इथल्या अनेक मराठी घरांनी आपली मुले मिशनच्या शाळांत घातली. मीही त्यांतलाच एक. घरी तिन्हीसांजेला शुभंकरोति म्हणायचे आणि सकाळी शाळेत फादरांच्या मागून प्रार्थना म्हणायची, यात आम्हांला कधी विसंगती वाटली नाही.

आमच्या शाळेत फादरांच्या खोलीला हिरवा पडदा होता आणि आत गेले की दार मागे आपोआप लोटले जाई. त्या खोलीत माझ्या बाबतीत काही वावगे घडले नाही. मला तिथे लिमलेटच्या गोळ्या मिळाल्या आणि एकदा भूगोलाच्या वहीबद्दल शाबासकी मिळाली. परंतु काही घडले असते, तर ते मी कोणाला सांगितले असते, याचे उत्तर मला आजही सापडत नाही. आजी म्हणायची की फादर म्हणजे देवमाणूस, त्यांच्याविषयी वेडावाकडा शब्द तोंडातून काढायचा नाही.

हे निवेदन इंदूरमधील कोणा व्यक्तीवर किंवा संस्थेवर आरोप करण्यासाठी नाही. उद्या इथल्या एखाद्या मुलाने चर्चमधल्या किंवा मिशनच्या शाळेतल्या कोणी आपल्यावर लैंगिक अत्याचार केल्याचे सांगितलेच, तर त्याचा शब्द कोणत्या वाटेने जायला हवा आणि तो वाटेत कुठे अडू शकतो, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

तो कसा अडतो, हे जगाला 2002 मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहराने दाखवले. तिथल्या वृत्तपत्राने उघडकीस आणलेल्या कागदपत्रांतून दिसले, की मुलांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी ज्यांच्याविरुद्ध होत्या, अशा धर्मगुरूंना वरिष्ठांनी पोलिसांच्या स्वाधीन न करता एका धर्मग्रामातून, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतून, दुसऱ्या धर्मग्रामात पाठवले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या कार्डिनलना आर्चबिशपपद सोडावे लागले. अमेरिकी बिशपांनीच करून घेतलेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 1950 ते 2002 या काळातील 4,392 धर्मगुरूंवरील आरोपांची नोंद आहे. फ्रान्समधील स्वतंत्र आयोगाने 2021 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, 1950 पासून तिथे धर्मगुरू आणि व्रतस्थ (ब्रदर, सिस्टर) यांच्या अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांची संख्या सुमारे 2,16,000 होती. या आकड्यांमागे विकृत माणसे आहेतच, पण त्यांच्या जोडीला बदलीचे हुकूमही आहेत. बदली म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. प्रकरण मिटवायचे असले की माणूस हलवला जातो. नव्या गावातल्या मुलांना त्याच्याविषयी काहीच ठाऊक नसते.

हे सारे परदेशातले आहे, असे म्हणून सुटका नाही. केरळमध्ये एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार केल्याबद्दल 2019 मध्ये एका धर्मगुरूला विशेष न्यायालयाने 20 वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने ती 10 वर्षांवर आणली आणि व्हॅटिकनने त्याचे धर्मगुरुपद कायमचे काढून घेतले. त्या प्रकरणात सुरुवातीला मुलीच्या वडिलांनी गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला होता. धर्मगुरूला वाचवण्यासाठी बाप स्वतःला आपल्या मुलीचा गुन्हेगार म्हणवून घेतो, तेव्हा त्या घरावर किती दडपण असेल, याचा विचार करताना मन सुन्न होते.

आता चर्चचा स्वतःचा कायदा पाहू. अल्पवयीनांवरील अत्याचाराची प्रकरणे रोमकडे, म्हणजे पोपच्या कार्यालयाकडे, कळवणे बिशपांना 2001 मध्ये बंधनकारक झाले आणि अल्पवयाची मर्यादा 18 वर्षे ठरली. पोप फ्रान्सिस यांनी मे 2019 मध्ये काढलेल्या आदेशाने प्रत्येक धर्मप्रांताला तक्रार स्वीकारणारी, लोकांना सहज गाठता येईल अशी व्यवस्था उभारणे भाग पडले. एखाद्या धर्मगुरूला किंवा सिस्टरला अत्याचाराची माहिती मिळाली किंवा तसा सबळ संशय आला, तर ती गोष्ट वरिष्ठांना कळवणे हे आता त्यांचे कायदेशीर कर्तव्य आहे. तक्रार करणाऱ्यावर सूड उगवता येत नाही आणि ‘याविषयी कुठे बोलू नका’ अशी अटही घालता येत नाही. हा आदेश सुरुवातीला तीन वर्षांसाठी प्रायोगिक होता, तो 2023 मध्ये कायम करण्यात आला. दरम्यान, डिसेंबर 2019 मध्ये अशा प्रकरणांवरील ‘पोपची गोपनीयता’ या कडक गुप्ततेच्या नियमाचे बंधन उठले, त्यामुळे चर्चकडील कागद न्यायालयांना देण्यातला एक मोठा अडसर दूर झाला. डिसेंबर 2021 पासून लागू झालेल्या चर्चच्या सुधारित दंडविधानात मुलांवरील अत्याचाराचा गुन्हा ब्रह्मचर्यभंगासारख्या, धर्मगुरूच्या कर्तव्यांविरुद्धच्या गुन्ह्यांतून काढून माणसाच्या जीवित, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्याविरुद्धच्या गुन्ह्यांत घालण्यात आला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण त्यात पहिल्यांदाच धर्मगुरूच्या मोडलेल्या व्रताच्या आधी मुलाची जखम आली.

रोमने 2020 मध्ये बिशपांसाठी एक मार्गदर्शिकाही काढली. निनावी पत्र आहे म्हणून ते खोटे समजू नये, केवळ बदली करून प्रश्न सोडवू नये आणि स्थानिक कायद्याची सक्ती नसली, तरी मुलांना धोका दिसत असल्यास सरकारी यंत्रणेला कळवावे, असे ती सांगते.

तक्रार खुद्द बिशपांविरुद्ध असेल तर? इंदूरचा धर्मप्रांत भोपाळच्या आर्चबिशपांच्या प्रांतात मोडतो. त्यामुळे अशी तक्रार भोपाळला जाते आणि आर्चबिशप रोमच्या आज्ञेने चौकशी करतात. इथेच मला शंका आहे. बिशपांची चौकशी आर्चबिशपांनी करायची, म्हणजे घरातल्या भांडणाचा निवाडा घरातल्याच थोरल्याने करायचा. आर्चबिशपांनी या कामी प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या, तज्ज्ञांची मदत घ्यावी, असे आदेश सुचवतो. माझ्या मते ती घेतल्यावाचून चौकशी सुरूच होऊ नये.

म्हणूनच दुसरा रस्ता, देशाच्या कायद्याचा, अधिक महत्त्वाचा ठरतो. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा 2012 चा कायदा, म्हणजेच पॉक्सो, 14 नोव्हेंबर 2012 रोजी लागू झाला. त्याच्या कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला समजले, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. शिपाई, वर्गशिक्षिका, प्राचार्य, बिशप या सगळ्यांना हे सारखेच लागू आहे. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेतील माणसाने त्याच संस्थेतील मुलावर केलेला अत्याचार हा कायद्याच्या दृष्टीने अधिक गंभीर गुन्हा ठरतो. आपण देशाच्या कायद्याच्या आड येणार नाही, असे चर्चचा 2019 चा आदेशही सांगतो. तेव्हा ‘आधी आमची अंतर्गत चौकशी पूर्ण होऊ द्या’ या वाक्याला दोन्ही कायद्यांत आधार नाही.

एक पेच राहतोच. प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे पापांची कबुली देण्याच्या विधीत, ऐकलेले धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाही आणि चर्चने या नियमाला हात लावलेला नाही. पीडित मूल तिथे बोलले, तर संस्काराबाहेर विश्वासाच्या माणसाला सांगण्यासाठी धर्मगुरूने त्याला धीर द्यावा, इतकीच वाट मार्गदर्शिकेने ठेवली आहे.

पोलिसांकडे जाणे म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण बरीच घरे ठाण्याच्या पायरीच्या भीतीनेच गप्प बसतात. मुलाला ठाण्यात नेऊन बसवावे लागत नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा आणि शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, तोही साध्या वेशात, असे कायदा सांगतो. म्हणजे साडी किंवा सलवार-कमीज घातलेली एक बाई तुमच्या पुढच्या खोलीत बसेल, आई शेजारी असेल, आणि मूल आपल्या शब्दांत जे सांगेल ते ती लिहून घेईल. पोलिसांनी 24 तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. समिती मुलासोबत राहणारी सहाय्यक व्यक्ती नेमू शकते. मुलाचे नाव, शाळा, चेहरा प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, आणि म्हणून या चित्रफितीतही एकाही मुलाचा चेहरा तुम्हांला दिसणार नाही.

मध्य प्रदेशात ख्रिस्ती समाज अल्पसंख्य आहे आणि धर्मांतराच्या आरोपांची टांगती तलवार त्याच्यावर असते. आपण तोंड उघडले तर त्याचे हत्यार करून सगळ्या समाजावर उगारले जाईल, ही ख्रिस्ती आईबापांची भीती खरी आहे. ती मी हलकी लेखत नाही. तरीही समाजाची अब्रू राखण्याचे ओझे एका दहा वर्षांच्या मुलावर टाकणे अन्याय्य आहे. आणि आपण बिगरख्रिस्ती पालकांनीही, मुलाच्या दुःखाचा वापर कोणा समाजाला झोडपण्यासाठी होऊ द्यायचा नाही.

2020 च्या पॉक्सो नियमांनुसार मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी शिक्षक, शिपाई, वाहनचालक अशा प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी वेळोवेळी करून घ्यायची असते. पुढच्या पालकसभेत फीवाढीच्या चर्चेनंतर हा प्रश्न विचारा: पडताळणी शेवटची कधी झाली? धर्मशिक्षणाला किंवा वेदीसेवेला (उपासनेत धर्मगुरूला मदत करायला) येणाऱ्या मुलांसोबत एकटा प्रौढ माणूस बंद दाराआड बसतो का? धर्मप्रांतात तक्रार कोणाकडे करायची, हे चर्चच्या फलकावर हिंदीत, मुलाला वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिले आहे का?

आणि एखाद्या संध्याकाळी मूल दप्तर फेकून म्हणाले, ‘मला त्या खोलीत पुन्हा जायचे नाही,’ तर त्याला दटावू नका, आणि दहा नातेवाइकांपुढे तेच पुन्हा वदवूनही घेऊ नका. ते जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून, वहीत लिहून ठेवा. 1098 हा बालमदतीचा क्रमांक फिरवा किंवा थेट पोलिसांकडे जा. फादरांना, प्राचार्यांना, बिशपांना भेटायला जायचे ते त्यानंतर.