फ्रीव्हीलची गोळी आणि मामाची बंदूक

[रंकाळ्याचा काठ, संध्याकाळ. फळीवर ओळीनं लावलेले फुगे.]

फुगे फोडायची बंदूक रंकाळ्यावर आजही दिसते. नळी मधोमध मोडायची, छर्रा बसवायचा, नळी मिटायची, फट्ट! कोल्हापूरच्या पोरानं आयुष्यातला पहिला नेम धरलेला असतो तो बहुतेक असल्याच बंदुकीनं, नाहीतर जोतिबाच्या जत्रेत. माझा मात्र पहिला नेम शुक्रवार पेठेत धरलेला. मामाच्या वाड्यातल्या बंदुकीनं. आणि ती बंदूक, तीही हवेच्या दाबावर गोळी उडवणारीच, मधोमध मोडायचीच नाही.

[वाड्याचा लाकडी जिना. माळ्यावरचा अंधार.]

पंचेचाळीसेक वर्षं झाली. बंदूक कधीच भंगारात गेली, फोटो एकही नाही. आठवतं ते एवढंच, की दिसायला ती थेट पलटणीतली रायफल. लाकूड नळीच्या टोकाजवळ पोचलेलं, टोकाखाली संगीन अडकवायची खुंटी. वजन असं, की आम्ही पोरं ती पोत्यावर टेकवूनच धरायचो. बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, मागं ओढला की आतली स्प्रिंग दबायची. त्यासाठी एकानं दस्ता धरायचा आणि दुसऱ्यानं दोन्ही हातांनी ओढायचं.

ती आली कुठून? मामा सांगायचा, राजाराम रायफल्सची, म्हणजे आपल्या संस्थानच्या पलटणीची. शेजारचे म्हणायचे, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिशांनी, म्हणजे पोलंडच्या लोकांनी आणली. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, हे खरं. पण सोव्हिएत रशियातून, इराणमार्गे, गाठोडी घेऊन आलेल्या बायकापोरांनी चार किलोची रायफल मिरवत आणली असेल, हे मला पटत नाही. तिसरी कथा शाहू महाराजांच्या शिकारीची. कोल्हापुरात कुठलीही जुनी वस्तू शेवटी शाहू महाराजांपाशी पोचतेच.

[सायकलच्या दुकानातला डबा. तळहातावर लोखंडी गोळ्या.]

बंदूक ओळखू आली ती या कथांवरून नाही. ओळखू आली ती आमच्या फजितीवरून.

दुकानातला छर्रा तिला चालायचा नाही. तो ०.१७७ इंचाचा, म्हणजे साडेचार मिलिमीटरचा, कमरेत बारीक, डमरूसारखा. आमच्या बंदुकीत शिशाच्या गोल गोळ्या वरून ओतायच्या असत. एकेक गोळी आपोआप घरंगळत नळीमागं यायची. डमरू घरंगळत नाही. आडवा होतो, अडकतो.

गोळ्या संपल्या तेव्हा आम्ही सायकलवाल्याकडं गेलो. फ्रीव्हीलची गोळी एक अष्टमांश इंचाची, म्हणजे ३.१७ मिलिमीटर. ती टाकली आणि बंदूक खाली केली, तर टुणकन पुढून बाहेर! मग पुढच्या हबची, तीन सोळांश इंचाची, ४.७६ मिलिमीटर. ती आतच शिरेना. तेव्हा शिव्या खाल्ल्या. आज वाटतं, नकळत आम्ही नळीचं मापच घेत होतो: ३.१७ पेक्षा मोठं, ४.७६ पेक्षा लहान.

[जुन्या रायफलींची रेखाचित्रं, एकापाठोपाठ एक.]

आता शोध सोपा झाला. लष्करी घाटाची एअर रायफल इंग्लंडच्या बीएसए या बंदुका बनवणाऱ्या कंपनीनं पहिल्या महायुद्धाआधी काढली होती, ब्रिटिश फौजेच्या लांब ली-एनफिल्ड रायफलीसारखी दिसणारी. पण ती बोल्टनं भरायची नव्हे. म्हणजे ती बाद. जर्मनीत ह्यूगो श्मायसरनं हेनेल कंपनीसाठी केलेलं ३३ नंबरचं मॉडेल बोल्टचं आहे, गोळीही ४.४ मिलिमीटरची, गोल. पण त्याला काढता-घालता येणारं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, लागतं. आमच्याकडं तसलं काही नव्हतं.

उरली चेकोस्लोव्हाकियाची एअर रायफल, व्हीझेड ३५. सैनिकांच्या सरावासाठी बनवलेली. ४.४ मिलिमीटरच्या गोल गोळ्या, बोल्ट, घाट माउझर या लष्करी रायफलीचा, संगिनीची सोयही. तिच्यामागचा हिशोब साधा होता: खरी काडतुसं न जाळता, मोठ्या खोलीतसुद्धा, रंगरुटाला खऱ्या रायफलीचं वजन, बोल्टची हालचाल आणि नेम या तिन्हींची सवय लागावी.

[चप्पल लाइन. कातडं कापणारे हात.]

अशा बंदुकीत हवा दाबणाऱ्या दट्ट्याला चामड्याचा वायसर असतो. तो वाळला की दम संपला. मामा चप्पल लाइनीतून जाड कातडं आणायचा, उद्यमनगरात माप जुळवून घ्यायचा, रात्रभर तेलात भिजत ठेवायचा. युरोपातल्या पलटणीची बंदूक कोल्हापुरी चपलेच्या कातड्यावर चालली, हे मला कुठल्याही राजेशाही कथेपेक्षा जास्त आवडतं.

[मामाचं घर. खुर्चीत मामा, हातात मोबाईल.]

मामा आता पंच्याऐंशीचा. मी त्याला व्हीझेड ३५ चा फोटो दाखवला. म्हटलं, "मामा, चेकोस्लोव्हाकिया." त्याला त्याचं काही नाही. फोटो मोठा करून बोल्टवर आणला, चष्मा कपाळावर सरकवला.

"हीच की रं! वढताना अंगठा चेमटायची बघ."

आणि उजव्या हाताचा अंगठा त्यानं कॅमेऱ्यापुढं धरला. नखाच्या बुडाशी जुना, पांढरा व्रण.