ल माँ : चोवीस तासांची शर्यत आणि चालत निघालेला चालक

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रान्समधल्या ल माँ शहरात मोटारींची एक शर्यत दुपारी सुरू होते, ती दुसऱ्या दिवशी दुपारीच संपते. मे 1923 मध्ये ती पहिल्यांदा झाली. मोटार रात्रभर दम धरते का, तिचे दिवे टिकतात का, हे लोकांना दाखवायचं होतं. लगाश आणि लेओनार या चालकांच्या जोडीनं शनार-वॉल्कर गाडीतून 2,200 किलोमीटरहून जास्त मजल मारली.

शर्यत सुटायची पद्धत मात्र पुढे जिवावर बेतली. रस्त्याच्या एका कडेला गाड्या तिरप्या उभ्या, समोरच्या कडेला चालक. झेंडा पडला की सगळे धावत सुटायचे, गाडीत उडी घ्यायचे आणि भरधाव निघायचे. पुढे सुरक्षापट्टे आले, पण ते नीट बांधायला थांबणार कोण? तेवढ्यात दहा गाड्या पुढे जायच्या!

11 जून 1955 ला, शर्यत सुरू असताना, लेव्हे या चालकाची मर्सिडीज दुसऱ्या गाडीवर आदळून उडाली आणि तिचे जळते भाग प्रेक्षकांत घुसले. लेव्हे गेला, ऐंशीहून जास्त प्रेक्षक गेले. स्वित्झर्लंडनं तर सर्किटवरच्या शर्यतींवर बंदीच घातली. ल माँमध्ये प्रेक्षकांच्या बाजूची रचना बदलली, पण चालकांची ती धावपळ तशीच राहिली.

मग आलं 1969. बेल्जियमचा जॅकी इक्स, वय 24. झेंडा पडला, सगळे धावले. इक्स सावकाश चालत निघाला. फोर्ड जीटी 40 मध्ये बसला, पट्टे आवळले आणि सर्वांच्या शेवटी निघाला. हा उघड निषेध होता, आणि माझ्या मते या शर्यतीच्या इतिहासात याहून मोठं धाडस नाही. त्याच पहिल्या फेरीत जॉन वुल्फची पोर्शे आपटली. त्यानं पट्टा बांधलेला नव्हता. तो गाडीबाहेर फेकला गेला आणि दगावला.

इक्स आणि त्याचा जोडीदार जॅकी ऑलिव्हर आळीपाळीनं गाडी चालवत एकेक गाडी मागे टाकत गेले. शेवटच्या तासांत इक्स आणि पोर्शेवाला हान्स हेरमान यांची अशी जुंपली, की कधी हा पुढे तर कधी तो. चोवीस तासांनंतर इक्स जिंकला, तो जेमतेम सव्वाशे मीटरनं!

शेवटून निघालेलाच पहिला आल्यावर धावण्याच्या बाजूनं बोलायला काय उरलं? 1970 मध्ये चालक आधीच गाडीत, पट्टे बांधून बसले आणि मगच झेंडा पडला.