खाऱ्या खाडीकाठचे पितर

[दृश्य: झाडाचं खोड. जमिनीत रोवलेली लाकडी मुसळं. एका आजींचे हात.]

ही मुसळं कांडणासाठी नाहीत. अर्ध्याहून अधिक जमिनीत गाडलेली, वर जेमतेम हातभर उरलेली. टोकांवर दुधाचे पापुद्रे धरलेत, एकावर एक, झाडाच्या सालीसारखे. बाजूला मातीची मडकी मांडली आहेत, त्यातलं एक उपडं आहे. आजींच्या हातात भोपळ्याची वाटी आहे. तिच्यात बाजरीचं पीठ, विरजलेल्या दुधात कालवलेलं.

आधी त्या मुसळाच्या डोक्यावरचा पालापाचोळा बोटांनी बाजूला करतात. मग वाटी कलती करतात. दूध ओघळत मातीपर्यंत पोचू देतात, आणि तोवर त्यांचे ओठ हलत राहतात. नावं घेणं चाललंय. आईच्या आईचं. मामाचं. ज्यानं इथे पहिल्यांदा जाळ लावून रान मोकळं केलं, त्याचं. एकही नाव गाळायचं नाही, आणि क्रमही चुकवायचा नाही.

एवढंच देऊळ. भिंत नाही, कळस नाही, मूर्ती नाही.

[दृश्य: वरून दिसणारं सपाट शेतशिवार, विखुरलेली मोठी झाडं, दूरवर खाडीचे फाटे.]

पश्चिम आफ्रिकेतला सेनेगल देश. राजधानी डकारच्या आग्नेयेला सिन आणि सालूम या दोन जुन्या राज्यांचा मुलूख लागतो. सेरेर लोकांचं हे मूळ घर. वोलोफ आणि फुला यांच्यामागोमाग देशातला हा तिसरा मोठा समाज. आज बहुतेक सेरेर मुसलमान आहेत, बरेच कॅथलिक आहेत. कागदावर धर्माचा रकाना तिथेच भरून संपतो. मुसळावर दूध ओतणाऱ्यांसाठी त्या कागदावर जागा नाही, आणि या चित्रफितीत आम्हाला दाखवायचंय ते नेमकं हेच.

सेरेर श्रद्धेत सगळ्यांच्या वर आहे रोओग. विश्व घडवणारा. त्याचं चित्र काढत नाहीत, त्याची प्रतिमा करत नाहीत, आणि रोजच्या गाऱ्हाण्यांसाठी त्याला त्रासही देत नाहीत. पाऊस लांबला, मूल आजारी पडलं, होडी परतली नाही, तर धाव घ्यायची ती पांगोलकडे.

पांगोल म्हणजे पितर, पण मेलेला प्रत्येक माणूस पांगोल होत नाही. ज्यानं गाव वसवलं, ज्याच्या हातून कुळाचं भलं झालं, ज्याचं नाव पुढच्या पिढ्यांनी घेत ठेवलं, तो त्या पदाला पोचतो. काही पांगोल तर कधी माणूस नव्हतेच. ते त्या जागेचे आधीपासूनचे रहिवासी. साप हे त्यांचं रूप मानतात, म्हणून अंगणात निघालेल्या सापावर सहसा कोणी काठी उचलत नाही. काहींना नुसतं दूध चालतं, काहींना रक्त लागतं. कोणाला काय, हे त्या त्या घराला माहीत असतं. सेरेर माणूस आईकडूनही वारसा घेतो आणि बापाकडूनही, त्यामुळे एकाच माणसाला दोन्हीकडच्या पितरांचं पाहावं लागतं.

[दृश्य: फातिक. खाडीचा फाटा, खारफुटीची मुळं, पाण्यात उतरलेल्या बायका.]

फातिक शहराला लागून खाडीचा हा फाटा आहे. इथे राहते मिंदिस. शहराची राखणदार, आणि बाईमाणूस. ती कधी दिसलीच तर मनाटीच्या रूपात दिसते असं सांगतात. मनाटी म्हणजे समुद्रगाय: मोठं, संथ, गवत खाणारं जनावर. सालूमच्या पाण्यात ते आजही आहे, पण त्याचं दर्शन दुर्मिळ. आम्हालाही नाही झालं. पाण्यात दूध ओतलं गेलं, त्याचा पांढरा ढग काही क्षण एकाच जागी थांबला आणि मग भरतीबरोबर आत सरकला. ते मात्र कॅमेऱ्यात आहे.

[दृश्य: ओसाड शेत, मधोमध हिरवीगार झाडं. झाडाखाली गुरं.]

आता ही झाडं बघा. उन्हाळा भर रंगात आहे, जमीन भाजून निघाली आहे, आणि झाडं हिरवी. सेरेर या झाडाला सास म्हणतात. बाभळीच्या गोतातलं आहे, पण याची तऱ्हा उलटी. पावसाळा आला की पानं गाळतं, कोरड्या महिन्यांत पालवतं. म्हणजे बाजरी वाढत असते तेव्हा तिच्या डोक्यावर सावली नाही, आणि गुरांना चारा नसतो तेव्हा शेंगा तयार. मुळं जमिनीला नत्र देतात. गुरं सावलीला बसतात, शेण तिथेच पडतं. सासच्या बुंध्याजवळची बाजरी उंच का असते, ते इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागलं नाही.

हे जंगल आपोआप उगवलेलं नाही. मशागत करताना सासचं रोप वाचवायचं, त्याच्या फांद्या छाटून त्याला सरळ वाढवायचं, गुरांच्या तोंडी लागू द्यायचं नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं तेव्हा हे शिवार असं दिसतं. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक करार आहे. पहिला माणूस इथे आला, त्यानं रानाला आग लावली. आग जिथवर पोचली तिथवर त्याची हद्द. पण जमीन त्याला मिळाली ती तिथल्या अदृश्य रहिवाशांशी बोलणी करून. तो झाला लामान, म्हणजे जमिनीचा धनी आणि तिथल्या पूजेचाही धनी. दुसऱ्यांना शेत कसायला द्यायचं त्यानं, पेरणीआधी दूध ओतायचं त्यानं. मेल्यावर तो स्वतःच पांगोलांत जाऊन बसला. तुकारसारख्या गावांत मूळपुरुषाच्या नावानं आजही वर्षातून एकदा मोठी पूजा असते.

फ्रेंचांनी विक्रीसाठी भुईमुगाची लागवड वाढवली, बाजरीची जागा कमी झाली. 1964 साली स्वतंत्र सेनेगलनं कायदा करून बहुतेक जमीन राष्ट्राच्या मालकीची केली, आणि लामानचा अधिकार कायद्याच्या लेखी संपला.

[दृश्य: होडी. दोन्ही बाजूंना खारफुटी. समोर पांढरा उंचवटा, त्यावर झाडं.]

होडीतून बघताना वाटतं, ही टेकडी आहे. ती टेकडी नाही, शिंपल्या आहेत. माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्या, दोन हजार वर्षांच्या. सालूमच्या त्रिभुज प्रदेशात असे 218 ढिगारे नोंदले आहेत, त्यातले काही शेकडो मीटर लांब. यापैकी 28 ढिगाऱ्यांवर जुन्या समाध्या आहेत. 2011 साली युनेस्कोनं हा सगळा प्रदेश जागतिक वारशात घेतला तो या ढिगाऱ्यांमुळेच.

जवळून बघू. [दृश्य: हातात शिंपली.] जाड, रेघांची, बोटात मावणारी. ओहोटी लागली की बायका गुडघाभर चिखलात उतरतात आणि आजही हीच शिंपली वेचतात. उकडतात, मांस वाळवतात, कवचं टाकतात. ढीग अजून वाढतोच आहे.

ढिगाऱ्यांवर जी जाडजूड झाडं दिसतात ती बाओबाब. आपल्याकडे कोकणात आणि किल्ल्यांवर कुठेकुठे जी गोरखचिंच दिसते, तीच. शिंपल्यांचा चुना तिला मानवतो. तिची खोडं म्हातारपणी आतून पोकळ होतात, आणि त्या पोकळीत एकेकाळी माणसं ठेवली जात. ग्रियो, म्हणजे गाणारे, ढोल वाजवणारे, राजांची आणि घराण्यांची वंशावळ तोंडपाठ ठेवणारे. त्यांना मातीत पुरलं तर पाऊस पडणार नाही असा समज होता, म्हणून त्यांचे देह बाओबाबच्या पोटात. जे लोक साऱ्या गावाचे पितर आवाजात सांभाळायचे, त्यांनाच जमीन नाकारलेली. ही गोष्ट झाकून सेरेर श्रद्धेचं चित्र गोड करणं आम्हाला जमणार नाही. 1960च्या दशकात सरकारनं ही चाल बंद केली. राष्ट्राध्यक्ष होते लिओपोल्ड सेदार सेंघोर, स्वतः सेरेर, याच किनाऱ्यावर जोआलला जन्मलेले.

[दृश्य: जोआलहून फादियूतकडे जाणारा पूल. शिंपल्यांची वाट. स्मशानाचं बेट.]

जोआलसमोर हे फादियूत बेट. पाय ठेवाल तिथे शिंपली कुरकुरते. गल्ल्या शिंपल्यांच्या, अंगणं शिंपल्यांची. धान्याची कोठारं गावाबाहेर, पाण्यात खांबांवर उभी, कारण गावाला आग लागली तरी बाजरी वाचली पाहिजे. दुसऱ्या पुलापलीकडचं बेट मेलेल्यांचं. पांढरे क्रूस आणि मुसलमानांच्या कबरी एकाच उतारावर, एकाच शिंपल्यांत. मध्ये बाओबाब. पर्यटक इथे धार्मिक सलोख्याचे फोटो काढतात. पण या दोघांच्या खाली जे तिसरं आहे, जोआलची राखणदार मामा न्गेज आणि तिच्या आधीचे सगळे, त्यांच्याबद्दल क्वचितच कोणी विचारतं.

[दृश्य: सांगोमारचं टोक. वाळू. लाटा.]

सालूम नदी अटलांटिकला मिळते तिथे वाळूची लांब जीभ समुद्रात गेली होती. सांगोमार. बेटांवरचे सेरेर कोळी मानतात की मेलेल्यांचे आत्मे इथे जमतात. इथून जाताना मोठ्यानं बोलू नये, आणि रिकाम्या हातानं तर जाऊच नये. फेब्रुवारी 1987च्या वादळात ही जीभ तुटली, समुद्र आत घुसला, जिफेर गाव आजही काठानं ढासळतंय. 1970च्या दशकातल्या दुष्काळांनंतर खाडी इतकी खारावली की वरच्या अंगाची खारफुटी मेली. आणि जून 2024मध्ये किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात सेनेगलचं पहिलं खनिज तेल निघालं. त्या तेलक्षेत्राचं नाव सांगोमार.

[दृश्य: रात्र. ढोल. मशाली आणि विजेचे दिवे. गोल रिंगण.]

फातिक. पावसाळा तोंडावर आलाय. आज खोय आहे, भाकणुकीची रात्र.

आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पाऊसपाण्याची भाकणूक सांगतात. तसंच काहीसं, पण इथे सांगणारा एकटा नाही आणि घटही नाहीत. गावोगावचे साल्तिगे येतात. भविष्य पाहणारे, औषधी जाणणारे, पांगोलांशी बोलणारे. पद घराण्यातून चालत येतं, पण नुसत्या जन्मावर भागत नाही, वर्षानुवर्षं शिकावं लागतं. पूर्वी राजाच्या शेजारी बसायचे. 1867च्या जुलैत मौलवी आणि सेनापती माबा जाखू बा सिनवर चालून आला आणि सोंबच्या लढाईत मारला गेला, त्या दिवशी कोसळलेल्या पावसात त्याच्या सैन्याची बंदुकीची दारू भिजली. मौखिक परंपरा त्या पावसाचं श्रेय पांगोलांना देते.

रिंगणात एक साल्तिगे उतरतात. अंगावर तावीज आणि कवड्या, हातात भाला. घाईनं बोलत नाहीत. आधी ढोलकऱ्यांना ताल धरायला लावतात, रिंगणाला एक फेरी मारतात, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघतात, आणि मध्येच ढोल थांबवतात. मग वाक्य येतं. पाऊस कधी धरेल. कोणत्या पंधरवड्यात उघडीप. टोळ येतील की नाही. लहान मुलांना कसला ताप येईल. लोक हसतात, ओरडतात, एखादा खवचट प्रश्नही टाकतो. दुसरे साल्तिगे उतरतात आणि पहिल्यावर कडी करतात. यात बायकाही असतात. ही स्पर्धा आहे, आणि सगळ्यांदेखत आहे. मागच्या वर्षी कोण काय बोललं होतं, ते गर्दी विसरलेली नसते.

वर व्याधाचा तारा. सेरेर त्याला योनीर म्हणतात, आणि पेरणीचा हिशेब त्याच्यावरून मांडत आलेत. आमच्या कॅमेऱ्यात तो नीट आला नाही, दिव्यांचा उजेड फार होता.

हे रात्रभर चालतं. 2013मध्ये युनेस्कोनं खोयला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ही नोंद सांगते त्याहून जास्त इथे चाललेलं असतं: जमिनीची भांडणं, रोगाची साथ, पेरायचं काय, खाडीत कधी उतरायचं. न्दुत, म्हणजे मुलांच्या दीक्षेचं रान, तिथे कॅमेरा नेण्याचा प्रश्नच आला नाही, दीक्षा न घेतलेल्याला तिथे प्रवेश नाही. खोय मात्र उघडी आहे. या, बसा, ऐका.

[दृश्य: उजाडतं. गर्दी पांगते.]

भाकणुकीबरोबर उपायही सांगितला जातो. अमुक ठिकाणी दूध ओता, अमुक रंगाचा कोंबडा द्या, लहान मुलांना बाजरीचा उंडा वाटा. उपाय सगळ्या गावानं करायचा असतो, त्यात धर्म विचारत नाहीत. आज फातिकच्या बाजारात सकाळीच दूध विकत घेणाऱ्यांत पहाटेची नमाज पढून आलेले आहेत, आणि गळ्यात क्रूस असलेल्या बायकाही आहेत.