माणूस तारण ठेवणारी अर्थव्यवस्था

मंडळी, अमेरिकेतली गुलामगिरी ही एक जुनाट, तोट्यात चाललेली प्रथा होती, उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांमधलं यादवी युद्ध झालं नसतं तरी ती आपोआप मोडली असती, असं आपल्याकडे शिकलेली माणसंही म्हणतात. मला हे पटत नाही. १८६० साली ती ऐन भरात होती. त्या वर्षीच्या जनगणनेत ३९ लाख ५० हजारांहून अधिक गुलाम मोजले गेले. बाजारभावाने त्यांची किंमत ३०० कोटी डॉलरच्या वर जाते. देशातले सगळे रेल्वेमार्ग आणि सगळे कारखाने एकत्र केले तरी एवढं भांडवल भरत नव्हतं.

हे घडवलं कापसाने. आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने काढायची, तर जेमतेम अर्धा किलो रुईला एका माणसाचा दिवस जायचा. १७९३ साली एली व्हिटनीच्या यंत्राने ती अडचण संपवली. वेचणी मात्र हातानेच राहिली, म्हणून यंत्र आल्यावर मजूर कमी लागण्याऐवजी कितीतरी जास्त लागू लागले. १८६० पर्यंत वर्षाला सुमारे ४० लाख गाठी निघत होत्या आणि देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा कापसाचा होता.

आफ्रिकेतून माणसं आणायला १८०८ पासून बंदी होती. मग मजूर आले कुठून? व्हर्जिनिया, मेरीलंडमधून. तंबाखूने तिथल्या जमिनींचा कस गेला होता, त्यामुळे तिथल्या मालकांना माणसं विकणं परवडू लागलं. सत्तर वर्षांत सुमारे १० लाख लोक असे दक्षिणेतल्या नव्या कापूस-मुलखात हलवले गेले. काही मालकाबरोबर, बाकीचे व्यापाऱ्यांच्या ताब्यात, साखळीला जखडून पायी किंवा जहाजाने. न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात धडधाकट तरुणाचा भाव अखेरीस दीड हजार डॉलरच्या पुढे गेला होता. मोडकळीला आलेल्या धंद्यात मालाचे भाव असे चढत नाहीत.

पण मजुरी ही अर्धीच गोष्ट. पीक वर्षातून एकदा येतं, पैसा वर्षभर लागतो. मळेवाला अडत्याकडून उचल घ्यायचा, बँकेकडून कर्ज काढायचा. तारण काय? जमीन जागची हलत नाही आणि नव्या मुलखात ती स्वस्त होती. गुलाम कुठल्याही बाजारात नेऊन विकता येत होता, म्हणून सावकाराला तोच पसंत. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो, तसा तिथे माणसांवर चढायचा. लुइझियानातल्या मळेवाल्यांनी १८२७ साली स्वतःची बँकच काढली. तारण जमिनीचं आणि गुलामांचं, हमी राज्याची, आणि तिचे रोखे युरोपात विकले लंडनच्या बेअरिंग बंधू या पेढीने. रोखा घेणाऱ्याने जन्मात गुलाम पाहिला नसेल, तरी व्याज गुलामाच्याच कष्टातून यायचं.

मार्च १८५९ मध्ये जॉर्जियातल्या सव्हानाजवळ एका घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर पिअर्स बटलर या मालकाच्या ४३६ गुलामांचा लिलाव पुकारला गेला. हा गृहस्थ राहायचा उत्तरेत, फिलाडेल्फियात. जुगार आणि सट्ट्याने कर्जात बुडालेला. जमीन त्याने ठेवली, माणसं विकायला काढली. दोन दिवसांत तीन लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. विक्रीच्या अटी मुद्दाम सांगतो, कारण सगळी व्यवस्था त्यात आहे: एक तृतीयांश रोख, उरलेले दोन वार्षिक हप्त्यांत, सव्याज, आणि तारण म्हणून विकत घेतलेलीच माणसं गहाण. नवरा-बायको तोडायचे नाहीत, अशी अट होती. म्हातारे आईबाप आणि भावंडं त्या अटीत बसत नव्हती.

कायदाही या हिशेबाला जुळवून घेतलेला होता. मूल आईच्या दर्जाचं, हा व्हर्जिनियाचा १६६२ चा नियम. बाप मालक असला तरी मूल गुलाम. प्रत्येक बाळंतपणात मालकाच्या भांडवलात भर पडायची. गुलामांच्या लग्नाला कायद्यात अस्तित्वच नव्हतं, कारण ते मानलं असतं तर विक्रीत आणि जप्तीत अडथळा आला असता. मला वाटतं, त्या समाजातलं क्रौर्य फटक्यांपेक्षाही या कागदांत जास्त दिसतं.

दक्षिणेतल्या सुमारे तीन चतुर्थांश गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. तरी ती या व्यवस्थेमागे उभी राहिली. काहींना उद्या आपणही मालक होऊ अशी आशा होती, काही जण गुलाम भाड्याने घेत, गुलामांवर पाळत ठेवणाऱ्या गस्तीच्या पथकांत तर गरीब गोराही सत्ता भोगत असे. साउथ कॅरोलिना या दक्षिणेतल्या राज्याचा सिनेटर हॅमंड याने १८५८ साली सिनेटमध्ये उघड सांगितलं, की हलकी कामं करणारा एक थर प्रत्येक समाजाला लागतोच. त्याच भाषणात त्याने कापसाला राजा म्हटलं.

हा राजा उत्तरेतही राज्य करत होता. लॉवेल शहरातल्या कापडगिरण्या, न्यूयॉर्कचे व्यापारी, सगळे त्याच्यावर पोसलेले. पुढे युद्धात दक्षिणेची बंदरं अडली, तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला भाव चढला आणि मुंबईत शेअरचं वेड पसरलं. त्या श्रीमंतीच्या गोष्टी आपण चवीने सांगतो. मिसिसिपीतला कापूस वेचणारा त्यात कधी येत नाही.

हे युद्ध फक्त राज्यांच्या हक्कांसाठी झालं, असं अजूनही ऐकू येतं. जानेवारी १८६१ मध्ये मिसिसिपी संघराज्यातून फुटलं. तिथे दर शंभर माणसांत ५५ गुलाम होते. फुटण्याची कारणं देणाऱ्या जाहीरनाम्यात त्यांनी सुरुवातीलाच लिहिलं, की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे आणि भौतिक हितसंबंध म्हणून जगात तिच्याएवढं मोठं काही नाही.